मालवणच्या धक्क्यालगतचे जेवण आणि त्या दिवशी उतरलेली मासळी

ओले_खोबरे (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गेल्या नोव्हेंबरात मी, यजमान, आमची मुलगी आणि ७२ वर्षांचे सासरे असे चौघे चार दिवस मालवणला राहून आलो. सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली, देवबाग यांविषयी इथे पूर्वी भरपूर लिहून झाले आहे, त्यामुळे ते पुन्हा लिहीत नाही. मला लिहायचे आहे ते लागोपाठच्या दोन जेवणांविषयी, कारण त्या दोन जेवणांमधला फरक अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

पहिल्या रात्री आम्ही बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका मोठ्या, दिव्यांनी उजळलेल्या उपाहारगृहात गेलो. यादीत सुरमई, पापलेट, हलवा, कोळंबी, खेकडा, शेवंड असे सगळे होते आणि वाढणाऱ्या मुलाने सगळेच ताजे असल्याचे सांगितले. सासऱ्यांनी सुरमईची थाळी मागवली. तुकडी मोठी होती, रव्याचे कवच कुरकुरीत होते, मात्र आतला मासा काट्यापासून सुटताना पाणी सोडत होता आणि तोंडात गेल्यावर त्याचे कोरडे धागे होत होते. बर्फाच्या पेटीत बरेच दिवस काढलेला मासा असाच लागतो. सोलकढी गुलाबी होती, तरी तिला नारळाच्या दुधाचा वास नव्हता. सासरे काही बोलले नाहीत, पण त्यांनी अर्धी तुकडी ताटातच ठेवली, आणि मालवणात जन्मलेल्या माणसाने सुरमई ताटात ठेवणे म्हणजे काय, ते इथल्या अनेकांना सांगावे लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी किल्ल्यावरून परतलो, होडीतून उतरलो आणि धक्क्यापासून चालत पाच मिनिटांवर एक लहान खाणावळ दिसली. पडवीत सहा टेबले, अर्धी भिंत, आणि भिंतीपलीकडे थेट पाणी. छापील यादी नव्हती. दाराशी एक काळा फळा होता आणि त्यावर खडूने चारच नावे लिहिली होती: बांगडा, पेडवे, मुडदुशी, तिसऱ्या. सासऱ्यांनी सवयीने सुरमई विचारली. चुलीपाशी असलेल्या काकी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आज इसवण गावाक नाय. बांगडे आत्ताच इले हत, ते करून देतंय." एवढे बोलून त्यांनी टोपलीतला एक बांगडा आणून सासऱ्यांच्या हातावर ठेवला. मासा शेपटीपर्यंत ताठ होता, डोळा फुगीर आणि काळाभोर होता, आणि सासऱ्यांनी अंगठ्याने कल्ला उघडला तर आत ओला, लाल भडक रंग. त्यांनी पुढे काही विचारले नाही.

आम्हाला बांगड्याचे तिखले, तळलेल्या मुडदुशी, तिसऱ्यांचे सुके, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी वाढली. तिखल्याचा रस जेमतेम माशाला लागेल एवढाच होता. त्यात तिरफळ होते, आमसुले होती आणि उतरवताना वरून सोडलेल्या कच्च्या खोबरेल तेलाचा वास येत होता. माझ्या मुलीने आयुष्यात प्रथमच बांगड्याचे डोके मागून घेतले. सासऱ्यांनी तीन बांगडे खाल्ले, काटे ताटाच्या कडेला ओळीने लावले आणि हात धुऊन आल्यावर काकींना विचारले की तांदूळ कुठला. तो त्यांच्याच शेतातला होता. नारळ परसातले, आमसुले जावेने मे महिन्यात घातलेली, आणि मासळी सकाळी दांडीच्या किनाऱ्यावर ओढलेल्या रापणीची, म्हणजे वाळूवरून दोरांनी ओढायच्या मोठ्या जाळ्याची. म्हणजे त्या ताटातले मीठ सोडले तर जवळजवळ सगळे काही दोन-तीन कोसांच्या आतले होते.

माझे म्हणणे असे आहे की बंदरावर जेवायला बसल्यावर फर्माईश आपली नसावी, समुद्राची असावी. आपण पुण्या-मुंबईहून सुरमई आणि पापलेट हे दोनच शब्द मनात धरून जातो, ते बाराही महिने मागतो, आणि मग ती मागणी पुरवण्यासाठी बंदराला लागून असलेल्या खाणावळीलाही कुठल्या तरी दूरच्या शीतगृहातून मासा आणावा लागतो, तर समोरच्या वाळूवर पडलेले पेडवे आणि तारल्या मात्र कमी प्रतीच्या समजून बाजूला राहतात. हे मला मनापासून चुकीचे वाटते.

जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. काकींसारखी जागा नव्या माणसाने कशी ओळखावी? आणि बंदर दहा पावलांवर असताना ताजी मासळी तिथल्याच ताटापर्यंत का पोहोचत नाही?

रापणीचा_दोर

ताई, आपण दांडीचे नाव घेतलेत म्हणून लिहायला बसलो. माझे वडील आणि चुलते रापणीत होते आणि मीही कॉलेजात जाईपर्यंत दोर ओढला आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिलावात आहे. बंदरावर मासळी उतरते, तेव्हा तिथे खाणावळवाले एकटे उभे नसतात. गोव्याच्या, मुंबईच्या आणि निर्यातीच्या व्यापाऱ्यांची माणसेही उभी असतात, आणि चांगली सुरमई, मोठा सरंगा किंवा मोठी कोळंबी आली की बोली त्यांच्या हाती जाते. अनेक नौकामालकांनी डिझेलसाठी आणि जाळ्यांसाठी व्यापाऱ्याकडून आधीच उचल घेतलेली असते, त्यामुळे ती मासळी समुद्रात असतानाच एका अर्थी विकली गेलेली असते. ती बर्फात भरून त्याच रात्री गाडीने निघते. सहा टेबलांची खाणावळ त्या बोलीला कशी पुरी पडणार? मोठ्या शहरातल्या महागड्या ताटात मालवणची सुरमई असते आणि मालवणातल्या ताटात कधी कधी बाहेरची, यामागे हे साधे व्यवहाराचे कारण आहे.

रापणीची मासळी वेगळी का लागते, तेही सांगतो. होडी किनाऱ्यापासून निघून जाळे अर्धवर्तुळात सोडत पुन्हा किनाऱ्याला येते, आणि मग दोन्ही टोकांचे दोर वाळूत उभे राहून माणसे ओढतात. जाळ्याचा खोलगट भाग वाळूवर येतो तेव्हा आतला मासा जिवंत असतो. तिथून काकींच्या चुलीपर्यंत फार तर दोन तास. सुरमई मात्र बाहेरच्या पाण्यात, मोठ्या आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यांना किंवा गळाला लागते, आणि ती रोज लागतेच असे नाही. म्हणून फळ्यावर सुरमई रोज दिसली तर मला शंका येते.

आणखी एक गोष्ट मनात सलते म्हणून लिहितो. रापणीला पूर्वीसारखी मासळी लागत नाही. आमच्या लहानपणी तारलीचा थवा किनाऱ्याला आला की गावातल्या शाळा ओस पडत. राज्यात पर्ससीन जाळ्यांना (अख्खा थवा वेढून उचलणाऱ्या मोठ्या जाळ्यांना) १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढीच मुभा आहे आणि प्रखर एलईडी दिवे लावून मासेमारी करण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली आहे, तरी रात्री क्षितिजावर उजेडाची रांग दिसते आणि दुसऱ्या दिवशी रापण रिकामी येते. आपण खाल्लेले तीन बांगडे त्या दिवशी मिळाले, ही सुदैवाची गोष्ट होती.

खाणावळवाला_उत्तरेकडचा

मी मालवणचा नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदराजवळ मी गेली ११ वर्षे खाणावळ चालवतो, म्हणून दुसरी बाजू मांडणे मला गरजेचे वाटते.

पहिली दोन वर्षे मीही फळाच ठेवला होता. सुट्टीच्या दिवशी दोनशे किलोमीटर गाडी चालवून आलेले कुटुंब दारात उभे राहते, फळ्यावर लेप, कर्ली आणि बांगडा वाचते, सुरमई नसल्याचे कळताच परत गाडीत बसते आणि शेजारच्या हॉटेलात जाते. असे एका दुपारी पाच वेळा झाल्यावर मी बर्फपेटी घेतली. त्याची मला लाज वाटत नाही, कारण माझ्याकडे काम करणाऱ्या सहा बायकांचे पगार त्यावर चालतात. पण गोठवलेल्या माशाला ताजा म्हणणे मला कधीच पटले नाही. माझ्याकडे आज दोन याद्या आहेत. एकीवर "आज उतरलेली" असे लिहिले आहे आणि दुसरीवर "बर्फातली". पहिल्या वर्षी लोक दुसरी यादी वाचून नाक मुरडत, आता बहुतेक जण पहिल्या यादीवर बोट ठेवतात. याला वेळ लागला आणि मधल्या काळात नुकसानही झाले.

आपला पहिला प्रश्न जागा ओळखण्याचा होता. माझा अनुभव असा की यादी जितकी लांब, तितकी बर्फपेटी मोठी. जूनमध्ये किंवा जुलैमध्ये येऊन ताजी सुरमई मागू नका. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना बंदी असते, तो माशांच्या विणीचा काळ आहे, आणि त्या दिवसांत कोणी खोल समुद्रातली ताजी मासळी देऊ केली तर ती कुठली, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

कुळथाची_पिठी

दादा, आपण दोन याद्या लावल्यात, हे वाचून फार बरे वाटले.

पावसाळ्यातल्या ताटाविषयी मला थोडे लिहायचे आहे, कारण समुद्र बंद झाला म्हणजे बंदरावर खाण्यासारखे काही उरत नाही, असा एक समज आहे. आमच्या घरी त्या दिवसांत सुका बांगडा निखाऱ्यावर भाजून, त्याचे तुकडे कुळथाच्या पिठीसोबत खाल्ले जात. गोलमा, म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी, कांदा-खोबऱ्यात परतला जाई. खाडीतल्या तिसऱ्या, कालवे आणि कुर्ल्या यांना समुद्राच्या खवळण्याशी काही देणेघेणे नसते. जी खाणावळ जुलैत सुक्या मासळीचे ताट अभिमानाने मांडते, ती मला सर्वांत भरवशाची वाटते.

धागाकर्तीने तिसऱ्यांचे सुके खाल्ले आहे, पण त्या एकशिपी होत्या का, हे लिहिले नाही. हा बारकावा महत्त्वाचा आहे. तिसऱ्या उकळत्या पाण्यात टाकल्या की आपोआप उघडतात, हा सोपा मार्ग, आणि घाईच्या स्वयंपाकघरात तोच वापरतात. आमची आजी मात्र कच्ची तिसरी विळीच्या पात्यावर दाबून उघडत असे, एक शिंप टाकून देई आणि मांस दुसऱ्या शिंपेत तसेच राखून ठेवी. उघडताना आतले खारट पाणी खालच्या वाडग्यात पडे आणि नंतर तेच गाळून रसात घातले जाई, त्यामुळे मीठ जवळजवळ घालावेच लागत नसे. शंभर तिसऱ्यांना तासभर लागे आणि तिच्या डाव्या अंगठ्यावर त्याच्या बारीक पांढऱ्या रेघा कायमच्या होत्या. जिथे तिसऱ्या एकशिपी मिळतात, तिथल्या स्वयंपाकघरात कोणीतरी सकाळपासून बसलेले असते.

तिरफळाबद्दलही सांगते. ते कधी वाटू नये. किंचित ठेचून, आतली काळी बी काढून रसात सोडावे आणि खाताना बाजूला करावे. बांगडा, तारली, पेडवे अशा तेलकट माशांनाच ते शोभते. सुरमईच्या रसात तिरफळ घातलेले दिसले तर करणारा हात बाहेरचा आहे, असे आमच्याकडे समजतात.

ओले_खोबरे (धागाकर्ती)

ताई, एकशिपीच होत्या. शब्द मला ठाऊक नव्हता, पण प्रत्येक तिसरीला एकच शिंप होती, हे मुलीने तेव्हाच दाखवले होते. आज सासऱ्यांना आपला प्रतिसाद वाचून दाखवला आणि ते बराच वेळ त्यांच्या आईच्या विळीविषयी बोलत राहिले.

मांडवीकाठ

मी पणजीत राहतो. "स्थानिक" या शब्दाची किंमत आम्हाला २०१८ च्या जुलैत कळली. परराज्यांतून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन हे नासू न देणारे घातक रसायन असल्याच्या संशयाने तेव्हा गोव्यात मोठी खळबळ माजली आणि सरकारने बाहेरची मासळी आणण्यावर काही दिवस बंदी घातली. महिना जुलैचा होता हे लक्षात घ्या. आपल्याच नौका बंदीमुळे किनाऱ्याला लागलेल्या होत्या, आणि तरी आम्हाला ताटात तोच मासा हवा होता, म्हणून तो लांबून येत होता. त्या वर्षापासून आमच्या घरी जून-जुलैत फक्त खारवलेली आणि खाडीतली मासळी शिजते. घरातल्या मुलांची सुरुवातीला कुरकुर होती, आता सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे खोबरे घातलेली कोशिंबीर, तीच आधी मागतात.

बर्फ_आणि_मीठ

माझे शिक्षण मत्स्यप्रक्रियेतले आहे, त्यामुळे एक इशारा देणे मी माझे कर्तव्य समजतो. या धाग्यावर बर्फाविषयी जरा अन्याय होत आहे.

बांगडा, तारली, सुरमई या जातींच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य भरपूर असते. मासा मेल्यावर उन्हात किंवा उष्ण हवेत पडून राहिला की जिवाणू त्याचे हिस्टॅमिन करतात. असा मासा खाल्ल्यावर तोंड लाल होणे, अंगाला खाज सुटणे, डोके दुखणे असे त्रास होतात आणि आपण "मासळी बाधली" म्हणून सोडून देतो. एकदा तयार झालेले हिस्टॅमिन तळून किंवा उकळून नाहीसे होत नाही. म्हणून सकाळी धरलेला, पण दुपारपर्यंत टोपलीत उघडा पडलेला बांगडा हा कालच्या, नीट बर्फात ठेवलेल्या बांगड्यापेक्षा धोक्याचा ठरू शकतो. आपल्या हवेत मासळीच्या वजनाइतका बर्फ असावा, असा साधारण हिशेब धरतात. बर्फात ठेवणे आणि गोठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने मासा काही दिवस उत्तम राहतो, दुसरीने महिनोन्‌महिने टिकतो, पण सावकाश आणि घरगुती पेटीत गोठवला तर आतल्या बर्फाच्या स्फटिकांनी मांसाच्या पेशी फाटतात आणि शिजवताना पाणी सुटते. धागाकर्तीच्या सासऱ्यांच्या ताटातल्या तुकडीचे बहुधा हेच झाले असावे.

तेव्हा खाणावळ निवडताना स्वयंपाकघराकडे एक नजर टाका. मासळीवर चुरलेला बर्फ आहे का आणि त्याचे पाणी निचरते का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

सुवर्णदुर्ग_समोर

हर्णैचा अनुभव थोडक्यात लिहितो. तिथे संध्याकाळी वाळूवर लिलाव चालतो, नौकांमधून मासळी किनाऱ्याला येते, आणि आसपासच्या काही घरगुती खाणावळी आपण विकत घेतलेला मासा घडणावळ घेऊन शिजवून देतात. मला ही पद्धत फार आवडते, कारण मासा आपण डोळ्यांनी पाहून घेतो आणि हात मात्र तिथल्या बाईंचा लागतो.

एकदा मी हौसेने तळहाताएवढी पापलेटे घेऊन गेलो होतो. बाईंनी ती शिजवली, पण वाढताना म्हणाल्या की पुढच्या वेळी एवढी लहान आणू नका, ही अजून व्यायली नाहीत. मी खाली मान घालून जेवलो. पुढे २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले आणि त्यात पापलेटासाठी १३५ मिलिमीटर ही मर्यादा आली. त्याच वर्षी पापलेटाला राज्यमाशाचा मान मिळाला. बाईंना मोजपट्टी लागली नव्हती. तेव्हापासून मी पापलेट घेताना वीत लावून पाहतो आणि लहान असेल तर तारली घेतो.

काजूगर

मी मासे खात नाही, पण नवऱ्याबरोबर दर वर्षी मालवणला जाते, आणि स्थानिक पिकांचा विषय निघाला आहे म्हणून माझेही चार शब्द लिहिते. बंदराजवळच्या पुष्कळ ठिकाणी मांसाहार न करणाऱ्याला पनीर दिले जाते, याचे मला वाईट वाटते. मार्चमध्ये तिथे ओले काजूगर असतात, कोवळा फणस असतो, परसात लाल माट असतो. वेंगुर्ल्याच्या काजूला आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. अशा जिल्ह्यात काजूगरांची उसळ, घावणे आणि आगळाची (कोकमाच्या खारवलेल्या रसाची) खरी सोलकढी मिळाली तर मी आणि नवरा एकाच टेबलावर सारख्याच आनंदाने जेवू शकतो. काकींच्या फळ्यावर पाचवी ओळ असते का, ते कृपया सांगाल का?

ओले_खोबरे (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. काजूगर ताई, त्या दिवशी फळ्यावर पाचवी ओळ नव्हती, पण शेजारच्या टेबलावरच्या एका आजींना काकींनी लाल माटाची भाजी आणि कुळथाची पिठी वाढलेली मी पाहिली. विचारले तर मिळते, असे दिसते.

बर्फ_आणि_मीठ, आपले म्हणणे मला पटले. मी मूळ धाग्यात बर्फातला आणि गोठवलेला असा भेद केला नव्हता, तो करायला हवा होता. खाणावळवाले दादा, पुढच्या सहलीत आपल्याकडे नक्की येणार आणि पहिल्याच यादीवर बोट ठेवणार.

रापणीचा_दोर, एक विनंती आहे. सासऱ्यांना पुन्हा एकदा दांडीवर रापण ओढताना पाहायची आहे. शेवटची पाहिली तेव्हा ते १९ वर्षांचे होते. आम्ही साधारण कधी आणि किती वाजता यावे?

रापणीचा_दोर

ताई, गणपती झाल्यानंतर ते डिसेंबरअखेरपर्यंत केव्हाही या. वेळ घड्याळावर ठरत नाही, पाण्यात थवा दिसला की होडी सुटते, म्हणून दोन-तीन दिवसांच्या सकाळी हाताशी ठेवा. उजाडण्याआधी किनाऱ्यावर आलात तर उत्तम. वडीलधारे येत आहेत तर होडीच्या सावलीला बसायला फळी टाकून देऊ, आणि त्यांना वाटले तर दोराला हात लावू देत, मागच्या टोकाला जोर कमी लागतो. दोराला हात लावणाऱ्याला वाट्यातले चार बांगडे द्यायची आमच्याकडे रीत आहे. ते घेऊन थेट काकींकडे जा.